पोटाच्या चरबीत पांढऱ्या पेशींचं काय काम?

धागाकर्ती: रेवती_पाषाण

सवलतीतल्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये हल्ली एचएस-सीआरपी नावाची एक ओळ असते. अंगात दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणारं सीआरपी नावाचं प्रथिन त्यात मोजतात. ताप नाही, खोकला नाही, दाढ दुखत नाही, तरी तिथे ४ किंवा ५ असा आकडा ठळक अक्षरात येतो आणि माणूस घाबरतो. टेकडीवर भेटणारी मंडळी मला विचारतात, “अंगात कुठे इन्फेक्शन मुरलंय का गं?” मी प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे रिपोर्ट बघून सल्ला देत नाही. पण हा आकडा कुठून येऊ शकतो ते सांगते, कारण त्यामागची गोष्ट रंजक आहे आणि मराठीत फारशी लिहिलेली सापडत नाही.

पोट सुटलेल्या, बाकी ठणठणीत माणसात तो बऱ्याचदा चरबीमुळे येतो. सीआरपी तयार करतं यकृत, पण ‘तयार कर’ हा निरोप यकृताला मिळतो तो मुख्यतः आयएल-६ नावाच्या रेणूकडून. रक्तात फिरणाऱ्या आयएल-६ चा सुमारे तिसरा हिस्सा मेदऊतींतून येतो असा अंदाज आहे. आता चरबीने हा निरोप का पाठवावा?

कारण चरबीत नुसती चरबी नसते. मेदपेशींच्या अधेमधे रक्तवाहिन्या असतात, तंतू असतात आणि पांढऱ्या पेशींची चांगली मोठी वस्ती असते. सडपातळ उंदराच्या मेदऊतीत ही वस्ती शांतपणे नांदते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आयएल-४ हा रेणू स्रवतात आणि त्याने मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, सौम्य राहतात. या मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळून जागा साफ ठेवतात. ‘नियामक टी पेशी’ बाकीच्यांना आवरून धरतात. २००९ मध्ये असं दिसलं की सडपातळ उंदराच्या पोटातल्या चरबीत सीडी४ प्रकारच्या टी पेशींपैकी जवळजवळ निम्म्या नियामक असतात. इतर अवयवांत हे प्रमाण याच्या जवळपासही नसतं. लठ्ठ उंदरात मात्र याच पेशी झपाट्याने घटतात.

मधे काय होतं? मोठ्या माणसात मेदपेशींची संख्या फारशी बदलत नाही. दरवर्षी सुमारे १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. खाणं वाढलं की आहेत त्याच पेशी फुगतात. फुगून १०० मायक्रोमीटरच्या पुढे गेल्या की पंचाईत होते, कारण रक्तवाहिनीतून ऑक्सिजन झिरपतो तोच साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत. काही पेशी गुदमरतात, काही मरतात. मेलेल्या पेशीच्या पोटातला तेलाचा थेंब उघडा पडतो. ताणाखालच्या जिवंत पेशी सीसीएल२ नावाचा रासायनिक सांगावा सोडतात. अस्थिमज्जेतून निघून रक्तात फिरणाऱ्या मोनोसाइट पेशी तो ओळखतात, वाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात आणि मॅक्रोफेज होतात.

किती? २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे एकाच वेळी दाखवलं. सडपातळ उंदराच्या चरबीतल्या एकूण पेशींपैकी १० टक्क्यांहून कमी मॅक्रोफेज होत्या. अतिलठ्ठ उंदरात ते प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं आणि लठ्ठ माणसांत ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण चरबी म्हणतो त्यातल्या पेशी मोजायला बसलं तर बऱ्याचशा प्रतिकारयंत्रणेच्याच निघतात. मला आजही हा आकडा वाचून गंमत वाटते. दोन वर्षांनी इटलीतल्या सिंती यांच्या गटाने त्यांची जागाही दाखवली. ९० टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज मेलेल्या मेदपेशींभोवती कडं करून बसलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं म्हणून त्याला ‘मुकुट-रचना’ असं नाव पडलं.

मॅक्रोफेज एकट्या गुन्हेगार नाहीत. त्यांच्या आधी सीडी८ प्रकारच्या टी पेशी येतात. जपानी संशोधकांनी उंदरांतून त्या काढून टाकल्या तेव्हा मॅक्रोफेजची गर्दीही कमी झाली. पुढे बी पेशींचाही हात दिसला. सगळ्या मिळून टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६ हे दाहाचे रेणू सोडत राहतात. यातल्या टीएनएफचा शोध सगळ्यात जुना. १९९३ मध्ये बॉस्टनमध्ये होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत तो सापडल्याचं दाखवलं आणि तो निष्प्रभ केल्यावर इन्शुलिनचं काम सुधारलं. टीएनएफमुळे पेशीच्या आत इन्शुलिनचा निरोप पुढे नेणारी साखळी पहिल्याच कड्यांपाशी अडते. इन्शुलिन दारात येऊन उभं, आत कोणी दाद देत नाही.

एवढं पुरे. प्रश्न विचारा. रिपोर्टचे फोटो मात्र टाकू नका.

कर्वेरोडकर:
वाचनखूण साठवली. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

झणझणीत:
थोडक्यात पोटात पुण्याचा रस्ता झालाय. खोदायला माणसं आली, बॅरिकेड लागलं, बुजवायचं कोणाच्या लक्षातच नाही.

रेवती_पाषाण:
झणझणीत, बुजवायचं राहिलं हे अगदी बरोबर. जखमेतला दाह काम झाल्यावर स्वतःहून शमतो. इथे पेशी मरतच राहतात, त्यामुळे काम संपतच नाही.

पण खोदणाऱ्यांना शिव्या देण्याआधी थांबा. २०१९ मध्ये या मुकुटांतल्या मॅक्रोफेजमध्ये एक खास जात ओळखली गेली. तिच्या अंगावर ट्रेम२ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो आणि ती सांडलेली चरबी गिळून पचवते. ज्या उंदरांत ट्रेम२ च नव्हता त्यांच्या मेदपेशी आणखी फुगल्या, कोलेस्टेरॉल वाढलं, साखर बिघडली. त्याआधी २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांच्या मेदपेशींतला दाहाचा प्रतिसादच दाबून पाहिला. वाटलं होतं उंदीर सुखी होतील. झालं उलटं. चरबीला नीट पसरता येईना आणि ती यकृतात जाऊन साठली. थोडा दाह चरबीला वाढायला, स्वतःची डागडुजी करायला लागतोच. म्हणून ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ मॅक्रोफेज अशी एम१-एम२ ची जी विभागणी पाठ्यपुस्तकांत असते, ती या ऊतीत मला फार भरवशाची वाटत नाही.

अण्णा_नारायणपेठ:
आमच्या लहानपणी पोट असलेल्याला खात्यापित्या घरचा म्हणत. आता त्याला दाह म्हणायचं. बरं, दाह आहे तर मग दुखत का नाही? माझं पोट गेली तीस वर्षं आहे, एक दिवस दुखलं नाही. मला तर हे प्रयोगशाळांचं पॅकेज विकायचं तंत्र वाटतं.

रेवती_पाषाण:
अण्णा, पॅकेजबद्दल तुमच्याशी वाद नाही.

दुखण्याचं म्हणाल तर लाली, उष्णता, सूज, वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन काळापासून सांगितली जातात. ती तीव्र दाहाची. न्यूमोनियात सीआरपी १०० च्या वर सहज जातो. इथे तो ३ ते ८ मध्ये वर्षानुवर्षं रेंगाळतो. इतक्या मंद आचेवर मज्जातंतू ओरडत नाहीत. त्याचा परिणाम दिसतो तो वाढती साखर, यकृतातली चरबी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत. तिथे दुखू लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

डॉ_निशिगंध:
एक डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो. एचएस-सीआरपी १ च्या खाली असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग किंवा दुसरं तीव्र आजारपण शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुनियाच्या दिवसांत केलेली ही चाचणी तर चरबीबद्दल काहीच सांगत नाही. हिरड्या सुजलेल्या असल्या, संधिवात असला तरी आकडा चढतो. माझ्याकडे लोक ‘सीआरपी कमी करायची गोळी द्या’ म्हणून येतात. आकड्यावर औषध देत नसतात हो.

हिंजवडी_फेज३:
मला एक कळत नाहीये. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२ च्या आसपास आहे, ऑफिसात सगळे ‘काडी’ म्हणतात. तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले. वडिलांना मधुमेह आहे. वर लिहिलेलं सगळं लठ्ठ माणसांबद्दल आहे, मग माझं काय?

रेवती_पाषाण:
या प्रश्नाचं निम्मं उत्तर तर पुण्यातच शोधलं गेलंय.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. एक आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. बीएमआय दोघांनाही एकच आकडा सांगतो. त्यात स्नायू किती आणि मेद किती हे तो सांगत नाही.

याची सुरुवात जन्माआधी होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यात कमी. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ बारीक, पण बांधा मेदाचा.

आता हे पांढऱ्या पेशींशी कसं जोडायचं? बऱ्याच संशोधकांचं मत असं की आपल्याकडे त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता लवकर संपते. ती भरली की जास्तीचा मेद आतड्यांभोवती आणि यकृतात जातो. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त यकृतद्वारीय शिरेवाटे थेट यकृतात जातं. म्हणजे तिथून सुटलेली मेदाम्लं आणि दाहाचे रेणू यांचा पहिला मुक्काम यकृत. मेदपेशी किती फुगली हा प्रश्न तुम्ही एकूण किती किलोचे यावर ठरत नाही. जागा कमी असेल तर ६५ किलोच्या माणसातही तीच गर्दी होऊ शकते. तुमच्यात ती आहेच असं मी म्हणत नाही. घरात मधुमेह असणं हे स्वतंत्र कारणही आहे, स्वादुपिंडाची क्षमता कमी असणं हेही. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

संख्याशास्त्री:
लेख आवडला, पण एक खटकतंय. दाह हा लठ्ठपणाबरोबर दिसतो हे मान्य. तो मधुमेहाचं कारण आहे की नुसता सोबती? कारण असेल तर दाह थांबवणारं औषध दिल्यावर साखर उतरायला हवी. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं तर केव्हापासून मिळतात. ती लठ्ठ माणसांना दिली का कोणी?

रेवती_पाषाण:
दिली. याच प्रश्नासाठी धागा काढला असं म्हटलं तरी चालेल.

मेटाबॉलिक सिंड्रोम (सुटलेलं पोट, वाढलेली साखर, रक्तदाब वगैरे एकत्र) असलेल्यांना एटानरसेप्ट हे टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. सीआरपी उतरला, इन्शुलिनचं काम जिथल्या तिथे. उंदरात जे १९९३ मध्ये इतकं सुरेख दिसलं ते माणसात उतरलं नाही.

सॅल्सालेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं जुनं, स्वस्त औषध. ४८ आठवडे देऊन एचबीए१सी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) ०.३७ ने जास्त उतरलं. म्हणजे काहीतरी झालं, पण मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीशी तुलना करायची तर फिकं, आणि सोबत एलडीएल कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं अल्ब्युमिन किंचित वाढलं.

सगळ्यात मोठी चाचणी २०१७ ची, कॅनाकिनुमॅबची. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,००० हून जास्त लोक होते. आयएल-१ बीटा रोखला. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, तेही कोलेस्टेरॉलला हात न लावता. दाह रक्तवाहिन्यांना बाधतो याचा इतका थेट पुरावा आधी नव्हता. पण नवीन मधुमेह होणं काही थांबलं नाही, आणि जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. पहारेकरी झोपवले की चोरांचं फावणारच.

माझं मत असं. दाह कारणही आहे आणि परिणामही. मेदपेशी मरत असताना एक रेणू रोखला तर बाकीचे तेच काम पुढे रेटतात. शिवाय मेदाम्लं थेट यकृतात आणि स्नायूंत जाऊन इन्शुलिनला अडवतात, त्यासाठी पांढऱ्या पेशींची गरजच नसते. प्रयोगशाळेतल्या उंदरांना जो खुराक देतात त्यात ६० टक्के उष्मांक चरबीतून असतात. असं जेवण तुळशीबागेतून खरेदी करून दमलेली माणसंसुद्धा जेवत नाहीत. त्या उंदरांवरून माणसाच्या औषधाकडे एका उडीत जायचं म्हणजे घसरणं आलंच.

संख्याशास्त्री:
धन्यवाद. हे मूळ लेखात हवं होतं.

सुगरण_सहकारनगर:
मग हळद-मिरी घातलेलं दूध? आमच्या सोसायटीत सगळ्या ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ म्हणून घेतात. कॅप्सूलही मिळतात, बऱ्याच महाग.

डॉ_निशिगंध:
दूध घ्या, छान लागतं. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. मिऱ्यातल्या पिपरीनने शोषण बरंच वाढतं हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलं. म्हणूनच त्या कॅप्सूलमध्ये दोन्ही असतात, आणि म्हणूनच त्या मला नकोशा वाटतात. जास्त मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. फोडणीतल्या हळदीने असं होत नाही. आणि वर एवढी कडक इंजेक्शनं जिथे चाचपडली तिथे कॅप्सूलकडून काय अपेक्षा करायची ते तुम्हीच ठरवा.

मुक्ताई:
मी चौदा किलो कमी केले होते. भात-साखर बंद, रोज पर्वतीची टेकडी. वर्षभरात दहा परत आले, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर. त्या पांढऱ्या पेशी जातात का हो कधी, का एकदा आल्या की कायमच्या?

रेवती_पाषाण:
मुक्ताई, जातात. पोटाची शस्त्रक्रिया करून वजन कमी केलेल्या लोकांच्या चरबीचे नमुने फ्रान्समध्ये २००५ मध्ये तपासले गेले. तीन महिन्यांतच मॅक्रोफेज कमी झालेल्या आणि मुकुट विरळ झालेले दिसले. सीआरपीही उतरतो.

पण सगळं पुसलं जात नाही. २०२४ मध्ये झुरिकच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की वजन उतरल्यावरही उंदरांच्या मेदपेशींच्या जनुकांवर लठ्ठपणाच्या काळातल्या रासायनिक खुणा राहतात. माणसांत शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही काही जनुकांची वागणूक पूर्ववत झालेली नव्हती, आणि सडपातळ केलेल्या उंदरांना पुन्हा तोच खुराक दिल्यावर त्यांचं वजन इतरांपेक्षा भरभर वाढलं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही, पण ‘मनावर ताबा नाही’ असं जे ऐकवलं जातं ते तुम्ही खुशाल सोडून द्या. आणि पर्वती सोडू नका. व्यायामाने वजन फार हललं नाही तरी आतड्यांभोवतीची चरबी कमी होते, आणि स्नायू इन्शुलिनला दाद देऊ लागतात.

मुक्ताई:
हे वाचून बरं वाटलं. खरंच.

कर्वेरोडकर:
अवांतर: ती वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं, माउन्जारो, वेगोव्ही? दाहावर काही करतात का?

डॉ_निशिगंध:
वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडने सीआरपी उतरतो. मधुमेह नसलेल्या पण हृदयरोग असलेल्या जाड लोकांच्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराच्या घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातलं किती वजन उतरल्याने आणि किती इतर मार्गाने, यावर अजून खल चालू आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मित्राचं पेन घेऊन टोचून घेणारेही पाहिलेत, ते कृपया करू नका.

अण्णा_नारायणपेठ:
बरं, वजनकाटा खोटा, सीआरपीवर विसंबायचं नाही. मग घरच्या घरी बघायचं कशात? माझी पँट ३४ ची आहे. म्हणजे ८६ सेंटिमीटर, हो ना?

डॉ_निशिगंध:
नाही अण्णा. पँट पोटाच्या खाली बसते. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक, या दोन्हींच्या मधोमध, कपड्यावरून नाही, उघड्या अंगावर. टेप सगळीकडून आडवी. सहज श्वास सोडा आणि तेव्हा मोजा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवं.

अण्णा_नारायणपेठ:
मोजलं. आकडा इथे लिहीत नाही.

हिंजवडी_फेज३:
माझं ८८ आलं. म्हणजे मी सुटलो ना?

डॉ_निशिगंध:
तुमच्या शिडशिडीत बांध्याला ८८ म्हणजे जवळजवळ सगळं पोटावरच आहे, आणि ५.९ ही मधुमेहपूर्व पातळी झाली. यकृतात चरबी आहे का ते सोनोग्राफीत पाहून घ्या, तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा, आणि नुसतं चालण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला. वजन कमी करायच्या मागे लागू नका, तुम्हाला स्नायू कमवायचे आहेत. जवळच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, इथे नको.